गाडी मागे घेताना

मस्कतचं घर सोडलं त्या सकाळी आमची तन्वी रिकाम्या हॉलमध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत होती. पाच वर्षांची पोर, तिला मजा वाटत होती. सामान आधीच जहाजाने गेलं होतं, त्यामुळे तिच्या पावलांचा आवाज कधी नव्हे एवढा घुमत होता. निलेश, माझा नवरा, गॅसचा नळ बंद आहे ना ते पुन्हा पुन्हा बघून येत होता. तेवढ्यात खालच्या बकाल्यातले, म्हणजे किराणा दुकानातले, केरळी चाचा वर आले. तन्वीच्या हातात ज्यूसचा डबा दिला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अपने घर जा रहे हो बेटी, रोने का नहीं."

मी मान हलवली. पण मी रडत होते ते घर सोडावं लागतंय म्हणून. हे त्यांना कसं सांगायचं?

त्याआधी एकदा मी घर सोडलं होतं, मस्कतला निघताना, ते भिवंडीजवळच्या खारबावचं, माझ्या आईवडिलांचं. लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते. आय दारात उभी राहून एकच घोकत होती, "पोचलीस का फोन कर. न्हाय पोचलीस तरी फोन कर." त्यावर सगळे हसले. आप्पा त्या दिवशी नेमके लूमवर, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, दिवसपाळीला गेले होते. त्यांना निरोप घेणं जमत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कोणी काही बोललं नाही. तेव्हा मी खूश होते. परत येईन असं मनातही नव्हतं.

हे मी मस्कतला राहिलेल्या मैत्रिणींसाठी लिहितेय, आणि खारबावातल्या माझ्या माणसांसाठीही. कारण आम्ही परत आल्यापासून दोन्हीकडून एकच प्रश्न येतो. फोटो बघितला की पहिलं वाक्य तेच: एवढी मोठी गाडी कशाला घेतली?

निलेश मस्कतला एका हॉटेलच्या किचनमध्ये होता. हॉटेल विकलं गेलं, नव्या मालकाने आपली माणसं आणली. दुसरीकडे जागा मिळेपर्यंत थांबायचं की परत जायचं, यावर आम्ही बरेच दिवस काथ्याकूट केला. शेवटी निलेशच म्हणाला, "बस झालं दुसऱ्याच्या किचनमध्ये. आपलं करू." त्याच्या डोक्यात फूड ट्रेलर होता. शुक्रवारी समुद्रावर जायचो तेव्हा तिथले लोक मोठाल्या एसयूव्हीच्या मागे बोटी, ट्रेलर, काय काय जोडून आणायचे. मी तन्वीला वाळूत खेळवत असायचे आणि हा त्या हुकांजवळ वाकून काहीतरी बघत असायचा. एकदा एका ओमानी माणसाने त्याला हाताला धरून सगळं समजावून सांगितलं. हुकवर किती भार यावा, माल चाकांच्या पुढे किती आणि मागे किती ठेवावा, ट्रेलरपेक्षा ओढणारी गाडी जड का हवी. घरी येऊन निलेशने तेच मला दोनदा सांगितलं.

आम्ही भिवंडीला टेमघरमध्ये फ्लॅट घेतला. मानकोलीला गोदामांची नुसती रांग लागलीय, लॉजिस्टिक पार्क म्हणतात त्याला. मी गेले तेव्हा तिथे भातशेती होती, आता रात्रंदिवस कंटेनर. आत काम करणारी हजारो मुलंमुली, आणि गेटबाहेर धड खायला काही नाही. तिथे सकाळी ट्रेलर न्यायचा, दुपारनंतर परत आणायचा, असं ठरलं. भिवंडीतल्याच एका फॅब्रिकेशनवाल्याने ट्रेलर बनवून दिला. दोन चाकांचा, एका बाजूने उघडणारा, आत ओटा, शेगडी, पाण्याची टाकी. नोंदणी आणि परवान्यांसाठी निलेश कितीतरी दिवस खेटे घालत होता. तेही झालं. राहिली ती ओढणारी गाडी.

पिकअप घेतला असता तर प्रश्नच मिटला असता. पण आमच्याकडे एकच गाडी असणार होती, आणि तिच्यातच सगळं घर मावायला हवं होतं. आम्ही तिघं, आणि खारबावहून आय, आप्पा, माझा धाकटा भाऊ दिनेश. आयचे गुडघे गेलेत, तिला महिन्यातून दोनदा तरी ठाण्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं. दिनेशचा डावा पाय घोट्यापासून वाकडा आहे, त्याला पाय लांब करून बसायला जागा लागते. म्हणजे सात सीटची, चॅसीवर बांधलेली, ताकदवान, मोठ्यातली मोठी एसयूव्ही. निलेशने तर कुठली ते मस्कतमध्येच ठरवून ठेवलं होतं.

आता दिनेशच्या पायाचं सांगायला हवं.

आप्पा पूर्वी टेम्पो चालवायचे. सूत गुंडाळलेले बीम सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ लावतात तिथून, लूमवर पोचवायचे आणि येताना कापडाचे तागे आणायचे. टेम्पो रात्री आमच्या अंगणात उभा असायचा. एका सकाळी ते टेम्पो मागे घेत होते. दिनेश चार वर्षांचा होता, तो मागे येऊन बसला होता. मी ओटीवर वेणी घालून घेत होते. आयचा हात माझ्या केसांत होता, तो थांबला, आणि मग ती ओरडली. दिनेश वाचला. पायाची तीन ऑपरेशनं झाली. आप्पांनी त्या दिवसानंतर स्टेअरिंगला हात लावला नाही. टेम्पो विकून ते लूमवर कामाला लागले, आणि त्या खडखडाटात वर्षानुवर्षं राहून त्यांचे कान गेले. त्या सकाळबद्दल आमच्या घरात कोणी कधीच बोललं नाही. दिनेश तेवढा थट्टा करायचा, पण तीही आप्पा नसताना.

मी गाडी शिकले ती मस्कतला. तिथे लायसन मिळवणं कठीण, पण मी मिळवलं. फक्त गाडीत बसण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारल्याशिवाय मी कधी चावी फिरवली नाही. निलेश चिडवायचा, "प्रदक्षिणा झाली का?" तिथे पार्किंग एवढं ऐसपैस असायचं की माझं हे वेड कोणाच्या वाटेत येत नसे. टेमघरला आमच्या बिल्डिंगची सगळी मुलं संध्याकाळी पार्किंगमध्येच खेळतात. बॉल गाड्यांखाली जातो आणि त्याच्या मागे मुलं जातात. पहिल्याच आठवड्यात गॅलरीतून ते बघताना माझ्या हातातला चहा थंड झाला.

कल्याण नाक्याजवळ जुन्या गाड्यांचा एक डीलर आहे. निलेशच्या मनातली गाडी त्याच्याकडे मिळाली. काळी, चकचकीत. मी पायरीवर पाय ठेवून वर चढले आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसले. बॉनेट एखाद्या ओट्यासारखं समोर पसरलं होतं. तन्वी कुठेय म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. ती दिसेना.

"तन्वी!"

"मी इथेच आहे मम्मा!" आवाज समोरून आला. अगदी समोरून. ती बंपरला टेकून उभी होती आणि मला तिच्या केसांचा बँडसुद्धा दिसत नव्हता.

मी खाली उतरले. "ही नको," मी म्हटलं.

"मॅडम, चारों तरफ कॅमेरा है," डीलरचा माणूस म्हणाला. "स्क्रीन पे सब दिखता है."

"ही नको, निलेश."

रात्री निलेश म्हणाला, "मग ट्रेलर काय हाताने ओढू?" त्याचं बरोबर होतं आणि मला ते मान्य करायचं नव्हतं. मी दुसरी एक गाडी शोधली होती. मधल्या आकाराची, बसकी, उतरत्या बॉनेटची. सीटवरून समोरची फरशी दिसायची. कागदावर ती ट्रेलर ओढू शकत होती, जेमतेम. मी त्या जेमतेमकडे दुर्लक्ष केलं.

दिनेश मानकोलीतल्याच एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याला फोन करून सगळं सांगितलं, म्हटलं तो तरी माझी बाजू घेईल.

"ताई, तू गाडी बघायला गेलीच नव्हतीस. तू माझा पाय बघायला गेली होतीस."

"असं काय बोलतोस?"

"खरं तेच बोलतोय. मी त्या पायावर उभा राहून आठ तासांची शिफ्ट मारतो. लग्न ठरतंय माझं. तू अजून किती वर्षं तो घेऊन फिरणारेस?" आणि मग नेहमीसारखा हसला. "बरं, तुझी ती छोटी गाडी माझ्या दोस्ताकडे हाय. हुकपण लावलेला हाय. रविवारी जोडून बघू. न्हाय जमलं तर न्हाय."

रविवारी तन्वीला आयजवळ ठेवलं. मी चालवायला बसले, शेजारी निलेश, मागे दिनेश पाय लांब करून. ट्रेलरमध्ये शेगडी, भांडी, भरलेली पाण्याची टाकी, सगळं रोज न्यावं लागेल तसं ठेवलं होतं. टेमघरमधून निघालो तेव्हा गाडी कुरकुरत होती, पण चालली. मला समोरचा रस्ता, कडेची सायकल, कुत्रं, सगळं दिसत होतं. मनात म्हटलं, बघ, मी सांगत होते ना.

मानकोलीच्या पुलावर चढताना इंजिनला धाप लागली. खरं झालं ते उतरताना. आधी एक हलका धक्का मागून बसला, कोणी पाठीवर हात ठेवून ढकलावं तसा. मग दुसरा. आरशात बघितलं तर ट्रेलर डावीकडे गेलेला, मग उजवीकडे. गाडीची शेपटी त्याच्यामागे फरफटायला लागली. शेजारून एक कंटेनर चालला होता. त्याची चाकं माझ्या खिडकीच्या बरोबरीने फिरत होती.

"ब्रेक! ब्रेक मार!" निलेश ओरडला.

मी ब्रेक दाबला आणि झोका आणखी वाढला. पाय उचलला. स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं आणि काहीच केलं नाही. काहीच न करणं एवढं कठीण असतं हे मला त्या उतारावर कळलं. हळूहळू वेग उतरला, ट्रेलर शहाण्यासारखा मागे आला, आणि खाली सपाटीवर मी गाडी कडेला लावली.

मग दिनेश म्हणाला, "बापरे. गाडी ट्रेलरला न्हाय ओढत होती. ट्रेलर गाडीला नेत होता."

निलेशने उतरून बघितलं. भरलेली टाकी चाकांच्या मागे बसवली होती, ती चूक फॅब्रिकेशनवाल्याची आणि आमचीही. टाकी पुढे घेता आली असती. पण गाडीचं वजन वाढवता आलं नसतं. मला जिच्यातून सगळं दिसत होतं तिला भार पेलत नव्हता, आणि भार पेलणारीतून माझी मुलगी दिसत नव्हती. मी रस्त्याकडेला उभी राहून ढसाढसा रडले. मस्कतला असं कधी काही निवडावं लागलं नव्हतं. तिथे आमच्यामागे ओढायला काही नव्हतंच.

हे सगळं आप्पांच्या कानावर दिनेशने घातलं. मला माहीत नव्हतं. दोनतीन दिवसांनी त्याचा फोन आला, "आप्पांना ती काळी गाडी दाखवायची हाय. ये तिकडं."

आप्पा डीलरच्या आवारात आले ते इस्त्रीचा सदरा घालून. ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने बोलतात, त्यामुळे डीलरची माणसं वळून बघायला लागली. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, टायर बघितले, मागे वाकून हुकची जागा बघितली. डीलरच्या माणसाने कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. आप्पा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"बरा हाय," ते म्हणाले. "पन चिखल लागला मंग?"

"पोछना पडेगा, चाचा."

"हां. मंग पुसायचा रोज." मग माझ्याकडे वळले. "तू बस वर."

मी बसले. काच खाली केली. आप्पा गाडीभोवती फिरायला लागले. समोर आले, बंपरजवळ उकिडवे बसले, आणि तिथून ओरडले, "दिसतो?"

"नाही, आप्पा!"

डाव्या चाकाशी बसले. "आता?"

"नाही!"

थोडे मागे सरकले. "आता?" आता त्यांचं पांढरं डोकं दिसलं. असं ते मागेही गेले, दरवाजाशीही आले. त्यांचे गुडघे काही आयच्या गुडघ्यांपेक्षा बरे नाहीत. दर वेळी उठताना गाडीला हात लावून उठत होते. कुठे दिसत नाही ते मला एकेक करून दाखवून झाल्यावर ते माझ्या खिडकीशी आले, आणि आमच्या घरात कधीच कोणी जे बोललं नव्हतं ते बोलले. हळू बोलायचा प्रयत्न केला असावा, पण ऐकलं सगळ्यांनी.

"मी बघितला व्हता आरसा. त्या दिवशी. दोन्ही आरसे बघितले व्हते. न्हाय दिसला मना."

मागे दिनेश उभा होता. त्याने मान खाली घातली.

"लोकांना वाटतं टेम्पो न बघता मागं घेतला. बघून घेतला. पन मागं कोन उभा नव्हता." त्यांनी दरवाजावर हात ठेवला. "गाडी कंचीपन घे, पोरी. तिला आंधली जागा असतेच. एकट्यानं मागं घ्यायची न्हाय, बास. मागं मानूस उभा केल्याबिगर गाडी मागं घ्यायची न्हाय."

मी ओढणीने डोळे पुसायला लागले. दिनेशच पुढे आला, आप्पांच्या खांद्यावर हात टाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "आप्पा, चला, चहा घेऊ. ताई रडायला लागली का तासभर थांबत न्हाय." आप्पांना किती ऐकू आलं कोण जाणे, पण त्यांनी दिनेशचा हात खांद्यावरून काढला नाही. दोघं तसेच रस्ता ओलांडून टपरीवर गेले. दिनेश लंगडत, आणि आप्पा त्याच्या चालीने.

आम्ही ती काळी गाडी घेतली. निलेशने टाकी चाकांच्या पुढे बसवून घेतली, ट्रेलरला वेगळे ब्रेक लावून घेतले. पहिल्यांदा पूल उतरताना माझी बोटं स्टेअरिंगवर पांढरी पडली होती, पण मागचं ओझं मागेच राहिलं. आयला पहिल्यांदा बसवलं तेव्हा ती पायरीकडे बघून म्हणाली, "चढायला शिडी देनार हाय का?" आता एक लाकडी पाट गाडीत ठेवलाय. बिल्डिंगमध्ये गाडी काढताना निलेश किंवा वॉचमन मागे उभा राहतो, मुलांना भिंतीला लावून उभं करतो. मग तन्वी आतून ओरडते, "मम्मा, सगळे भिंतीला!" मी तरीही एक चक्कर मारते. भीती गेलीय असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी मुलं खाली खेळत असताना फोन वाजला की अजूनही आधी गॅलरीतून खाली डोकावते आणि मग कोणाचा ते बघते.

ट्रेलर बरा चाललाय. पोहे, वडा-उसळ, दुपारी भात-आमटी. आणि मस्कतचा कराक, तो दाट, वेलची घातलेला चहा. दिनेशने आधी नावं ठेवली, आता त्याच्या शिफ्टची सगळी पोरं तोच मागतात. मस्कतच्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारता, तिकडची आठवण येते का? येते. रस्त्यांची येते, समुद्राची येते, त्या घुमणाऱ्या हॉलची येते. तिथे चुकूनसुद्धा कोणाच्या अंगावर गाडी जाणार नाही एवढी जागा होती. ती जागा मला फार आवडायची. तिथे कोणाला हाक मारायची गरज पडत नव्हती, आणि ते सुख आहे असं मी इतकी वर्षं समजत होते.

परवा निलेश तापाने झोपला होता. ट्रेलर बंद ठेवू या, तो म्हणाला, पण आदल्या दिवशीच मटकी भिजवली होती. वॉचमनने मागे उभं राहून गाडी बाहेर काढायला मदत केली. पूल उतरून मी एकटीच मानकोलीला पोचले, आणि बघते तर आमच्या जागेच्या एका बाजूला कंटेनर उभा आणि दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. मध्ये ट्रेलर उलटा घालायचा. मदतीला येणारी बाई अजून आली नव्हती. दिनेशची सुट्टी. रस्त्याने माणसं, सायकली, हातगाड्या चालल्या होत्या, आणि मागे काय आहे ते मला दिसत नव्हतं. मी गाडी चालू ठेवून तशीच बसून राहिले. मागून हॉर्न वाजायला लागले. घरी परत जावं असंही मनात आलं, पण परत जायला तरी गाडी वळवायला हवी होती.

कंटेनरच्या केबिनमधून एक माणूस दात घासता घासता माझ्याकडे बघत होता. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याने चूळ भरली, गमछा खांद्यावर टाकला आणि खाली उतरला. मी काही बोलायच्या आत तो ट्रेलरच्या मागे गेला, हात आडवा करून एका सायकलवाल्याला थांबवलं, दोन पोरींना बाजूला केलं, आणि ट्रेलरच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली.

मी काच खाली करून ओरडले, "भैया, पीछे कोई है?"

"हम खड़े हैं, दीदी," तिकडून आवाज आला. "आप आइए. आने दीजिए, आने दीजिए..."

बकाल्यातल्या चाचांना आज कोणी विचारलं तर मी आता सांगू शकेन की मी कुठल्या घरी आले. इथे जागा कमी आहे. एकट्याने गाडी लावता येईल एवढीही नाही. म्हणून कोणीतरी खाली उतरतं.

मी आरसा बघितला, दुसरा आरसा बघितला, आणि गाडी मागे घेतली.